बोट ठरवताना लाजायचं नाही



आज समुद्राच्या तळाशी असलेल्या जहाजांविषयी बोलायचं आहे. बचत गटाच्या बायका आणि बुडालेली जहाजं, यांचा काय संबंध, असं वाटेल. सांगतो.

आमचा गट घरगुती न्याहारी-निवास चालवतो. बारा जणी आहोत. पाहुणा आला की सोलकढी, मासे, घावणे यांची चौकशी होते आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, "ताई, स्कूबाला कुठल्या बोटीने जाऊ?" पूर्वी लोक प्रवाळ आणि मासे बघायचे. आता बुडालेलं जहाज बघायचं असतं. गोव्यात ग्रांदे बेटाजवळच्या 'सुझीज रेक' या बुडालेल्या जहाजावर बरेच जण जाऊन आलेले असतात. त्यात आपल्या नौदलाचं 'आयएनएस गुलदार' निवतीच्या खडकांजवळ तळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरल्याची बातमी आली, तेव्हापासून चौकशी आणखी वाढली. हे जहाज १९८५ साली नौदलात दाखल झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवायचं त्याचं काम. असं जहाज तेल, घाण काढून स्वच्छ करून तळाशी ठेवलं की त्यावर शेवाळ धरतं, प्रवाळ बसतं, मासे घर करतात. पर्यटन वाढतं. चांगलीच गोष्ट आहे.

पण पाहुण्याला बोट सुचवायची म्हणजे काय, हे आम्हाला एका दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

पुण्याचं सात जणांचं कुटुंब आमच्याकडे उतरलं होतं. आमच्यातल्याच एकीच्या दिराची बोट आम्ही सांगितली. घरची बोट, शिवाय माणशी थोडं कमिशन गटाच्या वहीत जमा. संध्याकाळी ती मंडळी परत आली ती गप्प गप्प. बोटीत माणसं दाटीवाटीने बसवलेली. लाइफ जॅकेट होती, पण फळीखाली कोंबलेली. दोन मुलांना मोठ्या माणसांची जॅकेट दिली, ती खांद्यावरून सुटत होती. परतताना वारा वाढला. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या बाई आम्हाला एकच वाक्य म्हणाल्या, "ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही बसलो."

त्या रात्री आम्हाला जेवण गेलं नाही. कारण मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि पर्यटकांचे जीव गेले, हे आम्ही सगळ्या विसरलो नव्हतो. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईहून घारापुरीला निघालेल्या बोटीचा अपघात झाला, तेव्हा अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, हेही सगळ्यांनी वाचलं. समुद्रात आयत्या वेळी जॅकेट शोधायला सवड मिळत नाही.

पुढच्या बैठकीत आम्ही प्रश्नांची यादी केली. जी बोट या प्रश्नांची उत्तरं देईल, तीच पाहुण्यांना सांगायची. तुम्ही स्वतः सहल काढणार असाल, महिला मंडळाची असो की घरच्यांची, तर हीच यादी वापरा.

पहिला प्रश्न, बोटीची नोंदणी आणि परवाना आहे का, आणि किती माणसांचा आहे? परवान्यावरचा आकडा बघा आणि बसलेली माणसं मोजा. दोन जास्त असतील तरी उतरा.

दुसरा, प्रत्येकाला अंगाच्या मापाचं जॅकेट आहे का? मुलांची वेगळी हवीत. ती बोट सुटायच्या आधी अंगावर चढली पाहिजेत, पट्टे आवळून.

तिसरा, सगळे पाण्यात उतरल्यावर बोटीवर कोण थांबणार? तांडेल बोटीवरच हवा. डुबकी चालू असल्याचा झेंडा लावलेला हवा. पाण्यात माणसं असताना इंजिनाचा पंखा फिरता कामा नये. आणि उतरताना जितकी डोकी मोजली, तितकी वर आल्यावर पुन्हा मोजायची.

चौथा, बोटीवर प्रथमोपचाराची पेटी आणि प्राणवायूचं सिलिंडर आहे का? किनाऱ्याशी बोलायला वायरलेस आहे का? खोल समुद्रात मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

पाचवा, एका प्रशिक्षकाच्या हाती किती माणसं? ज्याने कधीच डुबकी घेतली नाही, त्याच्या हाताशी प्रशिक्षक सतत हवा. अशा नवख्याला १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. प्राथमिक कोर्स केलेल्याची मर्यादा १८ मीटर. म्हणून आधी विचारा, जहाज किती खोल आहे? ते तुमच्या मर्यादेपेक्षा खोल असेल तर पैसे भरून उपयोग नाही.

सहावा प्रश्न बायका विचारत नाहीत, म्हणून तो आम्ही मुद्दाम लिहिला. बोटीवर बाथरूमची आणि कपडे बदलायची सोय काय? सोय नसते म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही. डुबकीला जाताना अंगात पाणी कमी असणं धोक्याचं आहे. सोय नसेल तर छोट्या फेरीची बोट घ्या, पण पाणी प्या. पाळी चालू आहे म्हणून डुबकी घ्यायची नाही, असं काही नाही. तुम्हाला बरं वाटत असेल तर चालतं. गरोदरपणी मात्र अजिबात नाही. दमा, फिट, हृदयाचा त्रास, नुकतंच ऑपरेशन, यातलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरायचं नाही. नुसती सर्दी असली तरी कान फुटायची भीती असते, कारण १० मीटर खाली गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो.

सातवा, हवा बिघडली तर पैसे परत मिळतील का? हे आधीच ठरवून घ्या. नाहीतर पैसे गेले म्हणून माणसं खवळलेल्या समुद्रात जायला तयार होतात.

आता दिवस कसा निवडायचा? पावसाळ्यात ही कामं बंद असतात आणि ती बंदच असावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जास्त नितळ असतं. त्यातही आपल्या कोळी भावांना विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ असते, पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा ओढ कमी. कॅलेंडर तर प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात लटकलेलं असतंच.

जहाजाजवळ गेल्यावर एक नियम पक्का. आत शिरायचं नाही. आत अंधार असतो, गाळ उसळला की दार दिसत नाही, गंजलेला पत्रा कापतो, अडकलेली मासेमारीची जाळी पायात गुंतते. आत जायचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. बाहेरूनच बघा. वर येताना श्वास रोखू नका, आणि सावकाश या.

घरी परतायचा बेतही आधीच करा. एकापेक्षा जास्त डुबक्या घेतल्या तर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्या, २४ गेले तर उत्तम. आमच्याकडचे पाहुणे गाडीने आंबोली चढतात, ती ६०० मीटरच्या वर आहे. म्हणून डुबकी झाली की त्याच संध्याकाळी घाट चढू नका, रात्र इथेच काढा, असं आम्ही सांगतो. लोक हसतात, म्हणतात, ताईंना एका दिवसाचं भाडं जास्त हवं. हसू देत.

यादी घेऊन आम्ही बोटवाल्यांकडे गेलो, तेव्हा एक वयस्क तांडेल म्हणाले, "गो बायांनो, दर्याक काय कागद वाचूक येता?" तिघांनी सरळ नकार दिला. ज्या बाईच्या दिराची बोट, ती दोन बैठकांना आली नाही. घरात तिला बोलणी बसली असणार, हे आम्हाला कळत होतं. आम्ही तिच्या घरी गेलो, चहा घेतला, पण यादी बदलली नाही. बोटीचं कमिशनही बंद केलं. पैसे घेतले की तोंड बंद होतं, हे आम्ही स्वतःच अनुभवलं होतं. त्या हंगामात गटाची वही थोडी हलकी राहिली.

तिसऱ्या बैठकीला ती आली. म्हणाली, दिराने मुलांच्या मापाची सहा जॅकेट आणलीत. बाकीच्या प्रश्नांवर अजून बोलणी चालू आहेत. त्याची बोट आमच्या यादीत अजून नाही. पण ती बैठकीला येते.

त्या तांडेलकाकांना आमचं उत्तर एवढंच, दर्याला कागद वाचता येत नाही, म्हणून तर तो आपण वाचायचा, आणि किनाऱ्यावर असतानाच वाचायचा. बोट ठरवताना चार माणसांसमोर प्रश्न विचारायला लाजू नका. "वहिनी फार चिकित्सा करतात" असं कुणी म्हटलं तर म्हणू द्या. आणि मन घेत नसेल तर जेटीवरून मागे फिरा. जहाज तळाशीच आहे, ते कुठे जात नाही. पुढच्या भांगाला बघता येईल.