स्वादुपिंडातील बेटे आणि आपली मुले

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच नाही. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यावर शिक्षकाचे प्रशिक्षण, एवढ्या शिदोरीवर 36 वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविलेला मी एक सेवानिवृत्त मास्तर. मधुमेहासारख्या विषयावर मी बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु या विषयाचे एक ऋण माझ्या शिरावर आहे. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

1991 साली माझ्या चौथीच्या वर्गात एक हुशार मुलगा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो दर अर्ध्या तासाला पाणी पिण्यासाठी आणि लघवीस जाण्यासाठी परवानगी मागू लागला. अभ्यास चुकविण्याची ही युक्ती आहे, असे मी मनाशी ठरवून टाकले आणि दोन दिवस त्याला वर्गाबाहेर उभे केले. तिसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. उलट्या होऊन आणि धाप लागून बेशुद्धावस्थेत त्याला रुग्णालयात न्यावे लागले होते. तेथे मधुमेहाचे निदान झाले, इन्शुलिन मिळाले आणि पंधरा दिवसांत मुलगा हसत घरी आला.

पुढे घरात खल सुरू झाला. 'सुईची एकदा सवय लागली की ती जन्मात सुटत नाही,' असे एका जाणत्या गृहस्थाने सांगितले. दुसऱ्याने झाडपाल्याचा काढा सुचविला. मुलाचे वडील मला विचारावयास आले. मास्तरांच्या शब्दाला त्या घरी मान होता. मला काही ठाऊक नव्हते. परंतु तसे न सांगता, 'वडीलधाऱ्यांच्या विचाराने करा,' एवढेच मी बोललो. इन्शुलिन थांबले आणि थोड्याच दिवसांत मुलगा गेला. त्यानंतर या रोगाविषयी मराठीत जे मिळाले ते मी वाचीत आलो. त्याचे सार आज आपणापुढे ठेवतो.

आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा एक अवयव आहे. अन्न पचविणारा रस तयार करणे हे त्याचे काम पूर्वीपासून माहीत होते. 1869 साली बर्लिन येथे पाउल लांगरहान्स नावाच्या 21 वर्षांच्या वैद्यकीय विद्यार्थ्यास सूक्ष्मदर्शकाखाली या अवयवात निराळ्याच पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. त्यांचे कार्य काय, हे आपणास सांगता येत नाही, अशी प्रांजळ कबुली त्याने आपल्या प्रबंधात दिली. त्या तरुणाच्या अंगी असलेला हा प्रामाणिकपणा 1991 साली माझ्या अंगी असता, तर किती बरे झाले असते! 1893 साली फ्रेंच संशोधक लागेस याने या पुंजक्यांना 'लांगरहान्सची बेटे' असे नाव दिले. समुद्रात बेटे विखुरलेली असावीत तशी ही दहा लाखांच्या आसपास बेटे स्वादुपिंडात विखुरलेली असतात. तथापि सर्वांचे मिळून वजन त्या अवयवाच्या शंभरात एक-दोन भागच भरते.

1889 साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्यास मधुमेह जडला. रोगाचे मूळ या अवयवात आहे, हे सिद्ध झाले. पुढे 1901 साली अमेरिकेत ओपी यांनी मधुमेहाचा संबंध या बेटांच्या नाशाशी जोडून दाखविला.

या बेटांत मुख्यत्वे दोन प्रकारच्या पेशी एकमेकींचा तोल सांभाळतात. रक्तातील साखर वाढली की बीटा पेशी इन्शुलिन सोडतात. साखर उतरली की आल्फा पेशी ग्लुकागॉन सोडून यकृतातील साठा मोकळा करवितात. इन्शुलिनचे काम कोठाराच्या किल्लीसारखे आहे. धान्य अंगणात येऊन पडले. परंतु किल्ली हरवल्यामुळे ते कोठारात जात नाही. घरातील माणसे उपाशी राहतात आणि अंगणातील धान्य पावसात वाहून जाते. मधुमेही मुलाचे तसेच होते. रक्तात साखर साचते, शरीर मात्र उपाशी राहते. ती साखर पाण्याला ओढून घेऊन लघवीवाटे निघून जाते. म्हणून तहान, म्हणून वारंवार लघवी, म्हणून खाऊनही अंग रोडावणे. माझा विद्यार्थी अभ्यास चुकवीत नव्हता; त्याचे शरीर पाणी मागत होते.

मुलांमध्ये बहुधा आढळणाऱ्या मधुमेहात शरीराची संरक्षक शक्तीच चुकून स्वतःच्या बीटा पेशींचा नाश करते. यात मुलाचा दोष नाही, आईच्या हातचे गोड खाल्ल्याचा दोष नाही, पूर्वजन्मीचे पापही नाही. प्रौढ वयात येणारा मधुमेह निराळा. तेथे इन्शुलिन असते. परंतु शरीर त्यास पुरता प्रतिसाद देत नाही आणि अधिकाधिक इन्शुलिन पुरविता पुरविता बीटा पेशी थकत जातात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने लहान, तथापि इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेने त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण अधिक, असे त्यांस आढळले. 'आमच्या घरी कोणी लठ्ठ नाही, आम्हांस भीती कशाची,' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

1921 सालापर्यंत या रोगाच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगविणे, एवढाच उपाय होता. त्या वर्षी कॅनडातील टोरांटो येथे बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत, स्वादुपिंडातून इन्शुलिन काढण्याचे काम आरंभिले. 11 जानेवारी 1922 रोजी लेनर्ड टॉम्पसन या 14 वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलास पहिले इंजेक्शन दिले. ते फारसे लागू पडले नाही. कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि 23 जानेवारीस पुन्हा टोचला, तेव्हा त्या मुलाच्या रक्तातील साखर उतरली. तो पुढे 13 वर्षे जगला. 1923 साली बॅन्टिंग व मॅक्लाउड यांस नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांनीही आपली रक्कम अनुक्रमे बेस्ट व कॉलिप यांच्याशी वाटून घेतली. इन्शुलिनचे हक्क शोधकांनी केवळ एकेक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठास दिले. पूर्वी जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले हे औषध 1982 पासून, जिवाणूंकडून तयार करविलेले, मानवी इन्शुलिनच्या रूपात मिळू लागले.

ज्ञातिबंधूंनो, या सर्व संशोधनातून एक गोष्ट मला कळली, ती सांगण्यासाठीच हा प्रपंच. इन्शुलिन ही नशा नव्हे. दारूची सवय लागते, तंबाखूची लागते. कारण शरीरास त्यांची मुळात गरज नसते. इन्शुलिन प्रत्येक निरोगी माणसाच्या शरीरात जन्मापासून तयार होत असते. आपल्या घरच्या विहिरीस पाणी आहे, ज्याची विहीर आटली तो घागर घेऊन पाणवठ्यावर जातो. त्याला पाण्याची सवय लागली, असे कोणी म्हणतो काय? त्या मुलाच्या घरी हा एक दृष्टान्त मला देता आला असता, तर तो आज चाळिशी ओलांडलेला संसारी गृहस्थ असता.

संशोधन थांबलेले नाही. कॅनडातील एडमंटन येथे दात्यांची बेटे सात रुग्णांच्या यकृतात सोडण्यात आली आणि त्यांचे इन्शुलिन सुटले, असे 2000 साली प्रसिद्ध झाले. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूलपेशींपासून वाढविलेली बेटे पूर्ण मात्रेत 12 रुग्णांस देण्यात आली. वर्षअखेर त्यांपैकी 10 जणांस इन्शुलिन टोचावे लागत नव्हते. परंतु अशा रुग्णांना बाहेरच्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रखर औषधे घ्यावी लागतात. हा उपाय अद्याप घरोघरी पोचण्याजोगा झालेला नाही. तोवर 'मुलाचे इन्शुलिन कायमचे सोडवितो' अशी जाहिरात करणाऱ्यास दारातूनच नमस्कार करावा.

आता शेवटी मंडळाकडे माझे तीन मागणे आहे. पहिले, आपल्यात जे शिक्षक आहेत आणि ज्या माता आहेत, त्यांनी चार खुणा पाठ कराव्यात: सारखी तहान, सारखी लघवी अथवा सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, वजन उतरणे, आणि ग्लानी. यांपैकी काही दिसल्यास बोटाच्या थेंबभर रक्ताची तपासणी त्याच दिवशी करावी. उलट्या वा धाप असेल तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. इन्शुलिन घेणाऱ्या मुलास घाम सुटून थरथर सुटली, तर तो शुद्धीवर असताना लगेच साखरेचे पाणी पाजावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता डॉक्टरांकडे न्यावे.

दुसरे मागणे वधूवर मेळाव्याच्या चालकांना. गेल्या वर्षी एका भगिनीने माझ्या कानात सांगितले, 'गुरुजी, मुलगी सहा वर्षे इन्शुलिन घेते. पाहुण्यांकडे गेलो की न्हाणीघराची कडी लावून टोचून घेते. कोठे बोलू नका.' मी बोललो नाही. नावही सांगणार नाही. परंतु ज्या समाजात लेकीला जीव राखण्यासाठी कडी लावावी लागते, त्या समाजाने स्मरणिकेत गुणवंतांची छायाचित्रे छापून काय साधले? चष्मा लावणाऱ्या मुलीस आपण नाकारीत नाही. इन्शुलिन घेणारी मुलगी नियमाने वागली तर शिकते, नोकरी करते, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आईही होते. तेव्हा लपविणेही नको आणि नाकारणेही नको.

तिसरे, ज्या घरांना दरमहा इन्शुलिनचा आणि तपासणीच्या पट्ट्यांचा खर्च झेपत नाही, त्यांच्या मुलांसाठी मंडळाने शिष्यवृत्ती निधीच्या शेजारी एक लहानसा निधी उभारावा. माझ्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम मी आजच खजिनदारांच्या स्वाधीन केली आहे. निधीस कोणाचे नाव देऊ नये, एवढीच विनंती.