परदेशची मदत व भूमिहीनांचे पाणी



विसाव्या शतकाच्या प्रारंभी ऑस्ट्रेलियन मिशन बारामतीस आले. अशा मिशनांसाठी तिकडील चर्चमधील स्त्रिया लोकरीचे कपडे विणीत, शिवणकाम करीत आणि ते विकून पै पै जमवीत. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या कुटुंबांसाठी. त्या श्रमांची थट्टा समाजवाद्याला शोभत नाही. प्रश्न आहे तो ही मदत गरिबाच्या घरात कोणत्या रूपाने शिरते, हा.

नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचा दक्षिण पट्टा बागाईत केला. उत्तरेकडचा जिराईतच राहिला. १९६०नंतरच्या दशकातील अवर्षणात चर्चच्या ‘कासा’ या मदतसंस्थेचे धान्य बारामती तालुक्यात आले, ते पाझर तलाव खणणाऱ्यांना मजुरी म्हणून मिळाले. हा फरक मोठा आहे. मजुरी घेणाऱ्याला कोणापुढे मान झुकवावी लागत नाही.

परंतु तलाव पाझरतो तो विहिरींत, आणि विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे. डोक्यावर मातीची पाटी वाहिलेल्या भूमिहीन बाईच्या घरी धान्य संपल्यावर काय उरले? १९७२च्या दुष्काळाने रोजगार हमीची मागणी तीव्र केली, १९७७चा कायदा १९७९पासून अमलात आला. कामाचा हक्क मिळाला. त्या कामातून साठलेल्या पाण्यावर मात्र नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या संख्येवर वाटले आणि भूमिहीनांनाही वाटा दिला. बारामती-इंदापूरच्या तलावांवर तो हिशेब मांडला जाणे अजून बाकी आहे.