अंकुशी रुपया

पुण्याच्या जुन्या बाजारात एका विक्रेत्यानं चांदीचा रुपया माझ्यापुढे धरला. म्हणाला, "घ्या चाचा, तुमच्या बादशहाचा आहे."

अक्षरं फारसी, नाव दुसऱ्या शाह आलमचं. लहानपणी उर्दू शिकलो, ते असं बाजारात कामी येतं! पण मंडळी, नुसतं नाव वाचून नाणं ओळखता येत नाही. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे निम्मी अक्षरं कडेबाहेर जात. अशा वेळी टांकसाळीची खूण शोधायची. भिंग लावलं, तर अक्षरांच्या मध्ये माहुताचा अंकुश! म्हणजे हा पेशवाईतला अंकुशी रुपया. पाडला मराठ्यांनी, नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचं. कारण बाजारात ते नाव चाले.

"हा तुमचाही आहे," मी म्हटलं, "पेशव्यांचा."

त्यानं भिंग मागून घेतलं. बराच वेळ पाहिलं आणि किंमत दुप्पट केली. माझ्याच जिभेचा दोष. घासाघीस न करता पैसे मोजले.

"रिठ्यानं लख्ख करून देऊ?" त्यानं विचारलं.

नको म्हटलं. घासलं तर आधी झिजायचा तो अंकुशच.