दाढेचं मूळ भरताना: थंड, गरम की एकच काडी?

मी दातांची डॉक्टर आहे.

मागे एका बचत गटाच्या बैठकीत एका ताईंनी मला विचारलं, "मॅडम, दाढेचं रूट कॅनल करायचंय. एक डॉक्टर म्हणतात नेहमीसारखं भरू. दुसरे म्हणतात मशीनने गरम करून भरू, पण त्याचे पैसे जास्त. गटाकडून कर्ज काढायचंय. कुठलं करू?" प्रश्न एकीचा असला तरी उत्तर सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून आज त्यावरच बोलूया.

आधी रूट कॅनल म्हणजे काय ते पाहू. दाताच्या आत पोकळी असते. तिथून बारीक नळ्या मुळाच्या टोकापर्यंत जातात आणि त्यांत नस असते. कीड खोल गेली की नस सडते. मग ठणका लागतो, गाल सुजतो. डॉक्टर ती नस काढतात, सुईसारख्या बारीक फाइलींनी नळी घासतात, औषधाने धुतात आणि मग भरून बंद करतात. रिकामी ठेवली तर जंतू पुन्हा घर करतात.

भरायला गटापर्चा वापरतात. हा एका झाडाचा चीक, रबराच्या जातीचा. १८७० साली समुद्राखालून मुंबईपर्यंत तारायंत्राची केबल आली, तिच्यात पाणी शिरू नये म्हणून हाच चीक वापरला होता. दाताच्या डॉक्टरांकडे याच्या बारीक गुलाबी काड्या असतात. सोबत सीलर नावाचं पातळ सिमेंट लागतं.

आता भरायच्या तीन मुख्य पद्धती. पहिली थंड पद्धत. नळीत एक मोठी काडी बसवतात, ती बाजूला दाबून शेजारी आणखी बारीक काड्या भरतात. ही जुनी, पारखलेली पद्धत आहे. दुसरी गरम पद्धत. बोस्टनच्या डॉ. शिल्डर यांनी ती १९६७ साली मांडली. गटापर्चा गरम करून मऊ करतात आणि वरून दाबतात, म्हणजे तो बाजूच्या फाट्यांतही शिरतो. पण कधी कधी तो मुळाच्या टोकाबाहेरही जातो. तिसरी पद्धत हल्लीची. फाइलीच्या मापाची एकच काडी आणि बायोसिरॅमिक नावाचं नवं सीलर. काम लवकर होतं, पण पुढे ते पुन्हा उघडायची वेळ आली तर काढणं अवघड जातं.

मग सरस कुठली? थंड आणि गरम पद्धतीची तुलना करून पाहिली गेली आहे. दुखणं असो की दाढ टिकणं, दोन्हींत मोठा फरक दिसला नाही. गरम पद्धतीत टोकाबाहेर जाण्याचं प्रमाण मात्र जास्त दिसलं. नळी वेडीवाकडी किंवा फार रुंद असेल तर डॉक्टर एखादी पद्धत मुद्दाम निवडतात. तसं असेल तर कारण विचारा, ते सांगतील.

आपल्या कणगीचं उदाहरण घ्या. आत पोरकिडे राहिले आणि वरून झाकण कितीही घट्ट लिंपलं, तरी भाताची नासाडी होणारच. झाकण शेणाचं की मातीचं, हा प्रश्न नंतरचा. आधी कणगी साफ हवी.

म्हणून त्या ताईंना मी सांगितलं, पद्धतीच्या नावापेक्षा चार गोष्टी विचारा. सगळ्या नळ्या सापडल्या का? दाढेला तीन-चार नळ्या असू शकतात. काम करताना दाताभोवती रबराचा पडदा लावणार का, म्हणजे थुंकी आत जाणार नाही? भरल्यावर एक्स-रे काढून भराव टोकाच्या जवळपर्यंत गेलाय का, ते दाखवणार का? आणि कॅप कधी बसवायची?

मैत्रिणींनो, खरी चूक होते ती या शेवटच्या ठिकाणी. ठणका थांबतो, तेवढ्यात लावणी येते, मग गणपती, आणि उरलेलं काम राहून जातं. तात्पुरतं सिमेंट झिजतं, जंतू आत जातात, कमजोर झालेली दाढ भाकरीच्या कडेनेही तुटते. मग पैसेही गेले आणि दाढही गेली. कर्ज काढायचंच असेल, तर कॅपचे पैसे धरूनच काढा.

खासगी खर्च झेपत नसेल तर कर्जत-खोपोलीची लोकल आपल्याला सीएसएमटीला सोडते. तिथे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. फेऱ्या जास्त होतील, पण खर्च कमी.

दिवस गेले असतील किंवा साखरेचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. ठणक्यावर मिश्री किंवा तंबाखू दाबू नका. आणि सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चढली, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

त्या ताईंनी थंड पद्धतीने दाढ भरून घेतली, आणि वाचलेले पैसे कॅपला लावले. तुमच्या गटात कुणाची दाढ अर्धवट राहिली असेल, तर पुढच्या बैठकीत तिला आठवण करा. नमस्कार.