अवजार हाताला बेतावे : ज्येष्ठ शेतकरी आणि टचचा मोबाइल

(नाशिक येथे शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



खुरप्याची मूठ हातात बसत नसेल तर आपण मूठ तासतो, हात नव्हे. मोबाइलच्या बाबतीत मात्र घरोघरी उलटे ऐकू येते : "आजोबा, राहू द्या, तुम्हाला नाही जमायचं." दोष माणसाचा की अवजाराचा, याचा आज विचार करू.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करीत ती पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून, मोबाइलवर छायाचित्रासह करावयाची असते. तिचे मोल कांदा उत्पादकांना २०२३ मध्ये कळले. त्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या लेट खरीप लाल कांद्यास शासनाने क्विंटलला ३५० रुपये, कमाल २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केले. म्हणजे एका शेतकऱ्यास ७०,००० रुपयांपर्यंत. परंतु सातबाऱ्यावर कांद्याची नोंद असण्याची अट होती आणि अनेकांच्या उताऱ्यावर ती नव्हती. पुढे गावपातळीवर पडताळणीचा मार्ग काढावा लागला. म्हणून पडदा वापरता येणे ही हौसेची बाब राहिलेली नाही.

अडचण कोठे येते? टचच्या पडद्यावर अतिसूक्ष्म विद्युतभार असतो. बोट टेकले की तेथील भार बदलतो व मोबाइलला जागा कळते. छाटणी-खुरपणीने घट्टे पडलेल्या, कोरड्या बोटाने हा बदल कमी होतो. मग आपण पंपाच्या स्टार्टरसारखे जोर लावून दाबून धरतो. जोराचा उपयोग नसतोच. उलट दाबून धरल्याने भलतेच काही उघडते. पडद्यावर पाण्याचे थेंब असतील तरीही मोबाइल गोंधळतो.

दुसरी बाब नजरेची. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते व आत कमी प्रकाश जातो. पांढऱ्यावर फिकट राखाडी किंवा निळी अक्षरे भर उन्हात दिसेनाशी होतात.

यास्तव ॲप तयार करणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. बटण निदान ९ ते १० मिलिमीटर, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढे असावे. दोन बटणांत मोकळी जागा ठेवावी.
२. अक्षरे मोठी व काळी असावीत. नुसत्या चित्राखाली मराठी शब्द द्यावा.
३. एका पडद्यावर एकच प्रश्न विचारावा.
४. चूक सुधारण्याची सोय असावी. ई-पीक पाहणीच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीत नोंदीनंतर ४८ तासांत दुरुस्तीची मुभा दिली गेली, हे योग्यच झाले. चुकीची भीती गेली की बोट धीराने चालते.
५. ॲपची चाचणी कार्यालयात न घेता साठीपुढील शेतकऱ्याच्या हाती देऊन, दुपारी, शेतात घ्यावी.

ॲप सुधारेपर्यंत घरच्या तरुणांनी एवढे जरूर करावे. सेटिंग्जमध्ये अक्षरांचा आकार वाढवावा. दाबून धरण्याचा अवधी लांबवावा. पडदा लवकर काळा होणार नाही अशी वेळ लावावी. जाड किंवा तडकलेली काच बदलावी. वापरापूर्वी हात धुऊन, पुसून घ्यावेत. बोट हलके टेकवून लगेच उचलावे.

आणि महत्त्वाचे म्हणजे, मोबाइल वडीलधाऱ्यांच्या हातातून काढून घेऊ नये. एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद होते, म्हणून मुलगा सर्वांचे उरकतो. पण कोणत्या गटात किती आर कांदा आणि किती आर मका, हे ज्याने पेरले त्याला नेमके ठाऊक असते. शेजारी उभे राहावे, विचारतील तेवढेच सांगावे. पहिल्या नोंदीस अर्धा तास लागला तरी चालेल. पुढच्या हंगामात तीच नोंद ते कोणाची वाट न पाहता, मुदतीच्या आत करतील.