अठरा इंच आणि दोनशे डॉलर
(अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



शस्त्रकायदा हा आपल्या अभ्यासवर्गाचा नेहमीचा विषय नव्हे. परंतु कायद्याची किंमत समाजातील कोणता वर्ग मोजतो हे पाहावयाचे असेल, तर अमेरिकेतील आखूड नळीच्या बंदुकीचा इतिहास मोठा बोलका आहे.

छऱ्यांच्या बंदुकीची नळी १८ इंचांहून किंवा सबंध बंदूक २६ इंचांहून आखूड असली, तर तेथे तिला १९३४ चा राष्ट्रीय बंदूक कायदा लागू होतो. दारूबंदीच्या काळातील टोळ्यांच्या रक्तपातावरील हा उपाय. मूळ विधेयकात पिस्तुलेही होती. पिस्तूल मिळेनासे झाले तर लोक लांब बंदूक कापून कोटाखाली लपवतील, हे ओळखून आखूड नळीचे कलम घातले गेले. पुढे विरोधापुढे नमून पिस्तुले वगळली. कलम तेवढे राहिले. दरवाजा सताड उघडा आणि खिडकीला कडी!

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम परवान्यावाचून नळी आखूड करण्यास सरळ मनाई करते. अमेरिकेने मनाईऐवजी कराचा मार्ग धरला. बंदूक बनवताना वा हस्तांतरित करताना २०० डॉलर. त्या काळी ही रक्कम साध्या बंदुकीच्या किमतीच्या कितीतरी पट होती. धनिकाच्या छंदाला तो कर होता. शेतमजुराला ती बंदीच होती.

१९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे मिलर खटला आला. आरोपींनी अशीच एक बंदूक नोंदणीवाचून ओक्लाहोमातून आर्कान्सासमध्ये नेली होती. ते काही सज्जन नव्हते. पण पुढील सात दशके शस्त्रधारणेच्या हक्कावर ज्या निकालाचा दाखला दिला गेला, त्याच्या सुनावणीस आरोपींच्या बाजूने कोणी उभेच राहिले नाही. वकिलाच्या खर्चाची सोय नव्हती. निकाल लागण्यापूर्वीच मिलरचा खून झाला होता.

आता कागदपत्रे पाहा. नळी स्वतः कापावयाची असेल तर कानशीला हात लावण्यापूर्वी ‘फॉर्म १’. तयार बंदूक घ्यावयाची तर ‘फॉर्म ४’. सोबत छायाचित्र, बोटांचे ठसे आणि स्थानिक पोलीसप्रमुखास प्रत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास पुन्हा पूर्वपरवानगी. चूक झाल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास. जुलै २०१६ पूर्वी तर पोलीसप्रमुखाची सहीच लागे, आणि ती देणे न देणे त्याच्या मर्जीवर होते. मात्र बंदूक न्यासाच्या वा कंपनीच्या नावावर घेतली, की सही, ठसे, छायाचित्र, काहीच लागत नसे! वकिलाला पैसे देऊन न्यास उभारणे कोणाला परवडते, हे आपणास सांगावयास नको.

नव्वद वर्षे तो आकडा बदलला नाही. महागाईनेच त्याची धार बोथट केली. अखेर जुलै २०२५ च्या महाकाय वित्तीय कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड नळीच्या बंदुकीवरील कर शून्यावर आणला. त्याच कायद्याने गरिबांच्या सरकारी वैद्यकीय साहाय्याला मोठी कात्री लावली, हा योगायोग लक्षात ठेवावा. यंत्रबंदुकीवरील २०० डॉलर तसेच आहेत.

अर्ज, ठसे आणि नोंदणी यांतून मात्र सुटका झालेली नाही. ही नोंदणी मुळात करवसुलीच्या अधिकारावर उभी होती. कर नाही तर नोंदणी कशासाठी, असे विचारीत बंदूकसमर्थक संघटना न्यायालयात गेल्या आहेत.