कायद्याने साखळी तोडली, घराचे दार आपण उघडू



पटाचारेची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ गमावल्यावर तिचे भान हरपले. लोक तिला वेडी म्हणून हाकलून देत. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, तिचे भान जागे केले. पुढे ती विनयात पारंगत अशी थोर भिक्खुणी झाली. मन आजारी पडले तरी माणूसपण संपत नाही, हा या कथेचा बोध आहे.

कायद्याला हे उमजायला फार वेळ लागला. इंग्रजांच्या १९१२ च्या कायद्याच्या नावातच 'वेडेपणा' होता. त्याच्या जागी १९८७ चा कायदा आला. तरीही ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जीव गेले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली. सरकारी सेवेत उपचार मिळणे हा हक्क ठरविला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला ते मोफत आहेत. केवळ घरचे नेत नाहीत म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येत नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरतो.

परंतु कायदा घराचे दार उघडू शकत नाही. मनोरुग्णालयांत बरी होऊनही घरच्यांची वाट पाहणारी माणसे आहेत. मुलीचे लग्न मोडेल, शेजारी काय म्हणतील, या भीतीने आपण आपल्याच माणसाला विसरतो. ज्या समाजाने बहिष्काराचे चटके सोसले, त्याने आपल्या घरात दुसरा बहिष्कार पाळावा काय?

म्हणून आपण ठरवू या. मांत्रिकाकडे न जाता रुग्णाला जिल्हा रुग्णालयात नेऊ. १४४१६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहू. विद्यार्थ्यांनी हा कायदा वाचून वस्तीत समजावून सांगावा; रुग्णाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, हेही सांगावे. आणि बरा होऊन परतलेल्या माणसाला विहारात सर्वांच्या बरोबरीने बसवावे, कामाला लावावे. करुणा वंदनेपुरती न राहता आचरणात यावी, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!